टपावरचं ओझं

आपल्या कोकणातल्या घरांना गाडीचा टप काही नवा नाही. माझ्या लहानपणी गल्फमधून कुणी सुट्टीवर येणार असलं की गावातली सुमो आदल्या रात्रीच सहार विमानतळाकडे निघायची. दुसऱ्या दिवशी दुपारी आंबेतचा पूल ओलांडून ती परत यायची, तेव्हा आत बसलेला माणूस नंतर दिसायचा, आधी टप दिसायचा. निळ्या नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेली खोकी, त्यांच्यावर मार्करने लिहिलेलं नाव आणि गाव, सगळ्यात वर मिंकच्या ब्लँकेटची पारदर्शक पिशवी. किती खोकी आली यावरून कमाईचा अंदाज बांधणारी माणसं नाक्यावर बसलेली असायचीच.

आज आम्ही स्वतः मस्कतला राहतो आणि टपाचं वेड आमच्या घरात वेगळ्या वाटेने शिरलं.

ओमानमध्ये शुक्रवार-शनिवारची सुट्टी. थंडी सुरू झाली, म्हणजे साधारण नोव्हेंबर लागला, की गुरुवारी संध्याकाळी शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर मोठ्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येकीच्या टपावर कॅरिअर, कॅरिअरवर तंबू, पाण्याचे कॅन, चटया, लाकडं, पुढे दिव्यांची लांब पट्टी. वाळवंटात, डोंगरात, समुद्रकाठी जागा बघायची, चटई अंथरायची आणि रात्र काढायची, ही इथल्या लोकांची जुनी सवय. राखीव क्षेत्रं आणि कुणाची खासगी जागा सोडली तर कुणी हटकत नाही. आपल्याकडे सुट्टी म्हटलं की पाहुण्यांचं घर किंवा लॉज. इथे थेट आभाळ. मुलांच्या अब्बांनी जुनी सात आसनी फोर-बाय-फोर घेतली आणि पहिल्याच हिवाळ्यात जाहीर केलं, "आपणही कॅरिअर बसवायचा."

त्याच हिवाळ्यात माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच अम्मी म्हणतो, गावाहून काही महिन्यांसाठी आल्या होत्या. वय ६८, गुडघे कुरकुरणारे, आणि रोज इन्सुलिन. आल्यापासून त्यांनी एकच गोष्ट मागितली, तीही अगदी सहज, कांदा चिरता चिरता. "सूर नावाचं बंदर आहे ना रे इथे कुठे? मला दाखव एकदा."

अम्मींचे वडील बाणकोटच्या बाजूचे तांडेल. शिडाच्या गलबतावर कौलं आणि लाकूड घेऊन ते अरबी किनाऱ्याला जायचे, खजूर घेऊन परत यायचे. सूर, मस्कत, बसरा ही नावं अम्मींनी शाळेत नाही, ओटीवर ऐकली. त्यातलं मस्कत त्यांनी आता पाहिलं होतं. सूर राहिलं होतं.

झालं! सूर गाठायचंच आहे तर वाटेत एक रात्र वाळवंटात, एक समुद्रकाठी, असा बेत ठरला आणि गाडी वादी कबीर भागात कामाला गेली. मस्कतमधला हा गॅरेजांचा इलाका. तिथे एका पठाण उस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "ऊपर कितना वजन रखोगे?" आमच्याकडून उत्तर गेलं, "बस, थोडा सा." उस्तादांनी आमच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं आणि कामाला लागले. त्यांनी विचारलं होतं, ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काडीचा दोष नाही.

आठवड्याने गाडी घरी आली तेव्हा शेजारपाजारची मुलं बघायला जमली. जाड पाइपांचा लोखंडी कॅरिअर, पुढे दिव्यांची लांब पट्टी, दोन्ही बाजूंना आणखी दिवे, वर १०० वॉटची दोन सोलर पॅनेलं. निघायच्या दिवशी त्यावर आणखी एक स्पेअर टायर, पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन, तंबू आणि कोळशाची शेगडी चढली. मागे डिकीत बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रीज, सोलरच्या बॅटरीला जोडलेला. फ्रीज खास अम्मींच्या इन्सुलिनसाठी, असं सांगून घेतला होता. त्यात मॅरिनेट केलेल्या मटणाचे तीन डबे माझ्या नकळत गेले.

मस्कतहून बिदिया सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता उत्तम. एकच त्रास झाला: ताशी शंभरचा वेग गाठला की टपावरची दिव्यांची पट्टी वाऱ्यात शीळ घालायला लागे. एका सुरात, न थांबता. अम्मींनी दोनदा विचारलं, "कोण रडतंय?"

बिदियाच्या पुढे शर्किया वाळवंट सुरू होतं. जुनं नाव वहिबा. साडेबारा हजार चौरस किलोमीटरचा हा वाळूचा समुद्र, आणि समुद्रच म्हणायला हवं, कारण टेकड्या लाटांसारख्या उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेल्या आहेत. काही टेकड्या शंभर मीटर उंच. टायरमधली हवा निम्म्यावर आणली की टायर पसरतो, वाळूवर त्याचा ठसा मोठा होतो आणि गाडी रुतत नाही, एवढं आम्ही शिकून आलो होतो. दुसरी गोष्ट ऐकली होती पण अंगी लागली नव्हती: वाळूच्या चढावर सरळ चढायचं, सरळ उतरायचं, कधीही आडवं जायचं नाही.

असरची वेळ होत आली होती. मुलांना टेकडीचा माथा हवा होता. मध्यावर गाडीचा जोर संपला आणि मागे येण्याऐवजी यांनी स्टिअरिंग वळवलं. गाडी उतारावर आडवी झाली. मग खालच्या बाजूची चाकं वाळूत दबायला लागली आणि गाडी हळूहळू, अगदी हळूहळू, कलायला लागली. जोरात काही घडलं असतं तर ओरडायला तरी सुचलं असतं. खिडकीतून वाळू जवळ येताना दिसत होती आणि डोक्यावर कॅरिअरमधलं सामान एका बाजूला सरकल्याचा आवाज आला. अम्मी खालच्या बाजूला होत्या. त्यांच्या ओठांवर कलमा होता, तेवढाच आवाज गाडीत.

गाडी थांबली. का थांबली ते अल्लाहला माहीत. वरच्या बाजूचं दार उतारामुळे इतकं जड झालं होतं की मी ते डोक्याने रेटून धरलं आणि यांनी आधी मुलांना, मग अम्मींना उचलून वर ओढून काढलं. त्या गुडघ्यांनी त्या कशा चढल्या, आजही मला कळत नाही.

अर्ध्या तासाने पिकअपमधून एक बदू गृहस्थ आले. मोडकीतोडकी उर्दू बोलत होते, इथले बरेच जण बोलतात. त्यांनी आधी सलाम केला, अम्मींना पाणी दिलं, मग टपाकडे बघून म्हणाले, "ये पूरा घर ऊपर क्यों?" त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी टप रिकामा करायला लावला. टायर उतरला, कॅन उतरले, शेगडी उतरली. मग फावड्याने त्यांनी वाळू उकरली ती वरच्या बाजूच्या चाकांखालची. मला वाटत होतं खालच्या बाजूला भर घालायला हवी. पण वरची चाकं खाली बसली तसतशी गाडी सरळ होत गेली. शेवटी स्टिअरिंग उताराच्या दिशेने फिरवून त्यांनी स्वतः गाडी सरळ खाली सोडली. पैसे घेतले नाहीत. मटणाचा डबा देऊ केला, तोही नाही. अम्मींनी दुआ दिली, ती मात्र त्यांनी हात छातीवर ठेवून घेतली.

डबा काढायला म्हणून मी फ्रीज उघडला आणि तेव्हा दुसरी गोष्ट कळली. मटण टिकावं म्हणून कुणीतरी तापमान शून्याच्या खाली नेऊन ठेवलं होतं. अम्मींचे इन्सुलिनचे दोन नवे पेन गोठून टणक झाले होते. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना ठाऊक असेल, नसेल तर लक्षात ठेवा: न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं, पण एकदा गोठलं की ते फेकून द्यायचं. वितळल्यावर ते दिसायला पहिल्यासारखं दिसेलही, पण त्याच्यावर भरवसा नाही. वापरात असलेला एक पेन अम्मींच्या पर्समध्ये होता, म्हणून निभावलं. वापरातला पेन तीस अंशांच्या आत बाहेर राहिला तरी साधारण चार आठवडे चालतो. पण त्या एका पेनच्या जिवावर आणखी दोन दिवस पुढे जायची माझी तयारी नव्हती. आम्ही सकाळी मस्कतला परत फिरलो. सूर तिथून सव्वाशे किलोमीटरवर होतं.

अम्मी काहीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या शुक्रवारी जुम्मा पढून आल्यावर हे बाथरूममधला वजनकाटा घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले आणि टपावरची एकेक वस्तू उतरवून मोजली. कॅरिअरसुद्धा काढला. त्यांनी वहीच्या कागदावर लिहिलेले आकडे मी जपून ठेवलेत. कॅरिअर ३८ किलो. स्पेअर टायर ३२. पाण्याचे कॅन ४२. पॅनेलं १६. दिवे आणि त्यांचे ब्रॅकेट ९. तंबू १४. शेगडी ६. एकूण १५७. मग गाडीची पुस्तिका काढली, जी तोवर प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आली नव्हती. टपाची मर्यादा ८० किलो, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं!

हा आकडा गाडी चालत असतानाचा असतो, हेही तेव्हा कळलं. उभ्या गाडीचा टप याहून बराच भार पेलतो, म्हणून तर काही लोक टपावरच उघडणाऱ्या तंबूत झोपतात. पण चालत्या गाडीत प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला वरचं ओझं गाडीला बाजूला ओढत असतं, आणि कच्च्या रस्त्यावर तर ८० सुद्धा जास्तच समजायचे.

अम्मी गॅलरीतून हे सगळं बघत होत्या. खाली आल्या, खुर्ची मागवली आणि म्हणाल्या, "बाबा असते तर तुला गलबतावर पाय ठेवू दिला नसता." मग हळूहळू एकेक गोष्ट निघाली. माल भरताना तांडेल स्वतः उभा राहायचा. जड ते तळाला, मधोमध. परतीला माल कमी असला तर तळात दगड भरून घ्यायचे, रिकामं गलबत समुद्रात न्यायचं नाही. वर डेकवर फक्त हलकं आणि हाताशी लागणारं. "आणि पाणी," त्या म्हणाल्या, "पाण्याची पिंपं कुणी शिडावर टांगतं का रे?"

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलेला माणूस.

गाडी पुन्हा उस्तादांकडे गेली. या वेळी हे कागद घेऊन गेले. लोखंडी कॅरिअर विकून टाकला आणि अ‍ॅल्युमिनियमचा, सपाट, २२ किलोचा बसवला. टपाला भोक पाडायचं नाही हे उस्तादांनी आधीच सांगितलं होतं. गाडीला कारखान्यातूनच ज्या जागा दिलेल्या असतात तिथेच बोल्ट लावायचे. भोक पाडलं की पाऊस आज ना उद्या आत येतोच, आणि गंज तर त्याआधी. वायर मागच्या दाराच्या रबराजवळून आत घेतली.

पाणी आणि टायर खाली गेले. पाणी तिसऱ्या रांगेच्या जागी, फरशीवर, पट्ट्याने बांधून. तिसरी रांगच काढून टाकावी लागली, त्यावरून मुलांनी दोन दिवस तोंड फुगवलं. शेगडी घरी राहिली. वर उरलं ते हलकं आणि मोठं: तंबू, चटया, घडीच्या खुर्च्या. आणि एक पॅनेल.

पॅनेलबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अलीकडे गावाकडेही बरेच जण विचारतात. आमच्या हिशेबाने १०० वॉटचं एक पॅनेल हिवाळ्यात टपावर आडवं ठेवून दिवसाला साधारण ३०० वॉट-अवर देतं. छोटा कॉम्प्रेसर फ्रीज थंडीच्या दिवसांत जवळपास तेवढीच वीज खातो. गाडी चालताना इंजिनकडूनही बॅटरी भरते. म्हणजे इन्सुलिनपुरतं एक पॅनेल पुरतं. दुसरं आम्ही दिव्यांसाठी घेतलं होतं. पहिल्या खेपेला दोन पॅनेलं असूनही बॅटरी भरत नव्हती, त्याचं कारण उस्तादांनी एका नजरेत दाखवलं. तंबूच्या पिशवीची सावली पॅनेलच्या कडेवर पडत होती. पॅनेलमधले तुकडे एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. एका तुकड्यावर सावली पडली तरी साऱ्या साखळीची वीज घटते. आता पॅनेल पुढे आहे आणि पिशवी मागे. पॅनेल टपाला चिकटवायचंही नाही, खालून वारा खेळायला दोन-तीन बोटं जागा हवी. ऊन वाढलं की वीज वाढते हे खरं, पण पॅनेल स्वतः तापलं की वीज कमी होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बॅटरीजवळ फ्यूज हवाच, आणि वायर जाड. बारा व्होल्टच्या बारीक वायरीत वीज वाटेतच मुरते, आणि वायर तापते ती वेगळीच.

एक पेच मात्र आजही सुटलेला नाही. पॅनेलला ऊन हवं म्हणून गाडी उन्हात लावायची, आणि गाडी उन्हात लावली की आतला फ्रीज जास्त वीज खातो. आम्ही मागचं दार उघडं ठेवतो आणि फ्रीजवर जुनी गोधडी टाकतो, अम्मींनीच गावाहून आणलेली. त्यात मटण जात नाही. तापमान ४ अंशांवर ठेवलंय आणि त्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे.

राहिली दिव्यांची पट्टी. ती काढताना यांना खरंच वाईट वाटलं. पण टपावरच्या दिव्याचा प्रकाश बॉनेटवर पडून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत येतो, धूळ असली तर समोर पांढरी भिंत उभी राहते, आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचं काय होत असेल ते वेगळंच. पट्टी गेली, शीळ गेली. बाजूला स्वयंपाकापुरते दोन छोटे दिवे ठेवले. सगळं धरून टपावर ५८ किलो झाले.

(आपल्याकडे असं काही करायचं मनात असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावर जी गाडी आहे तिच्यात मनाजोगे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. पुढे विमा अडला तर उस्ताद काही करू शकणार नाहीत.)

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा निघालो, या वेळी किनाऱ्याच्या रस्त्याने. डावीकडे निळा समुद्र, उजवीकडे उघडे डोंगर. कुरियात गेलं, बिमाचा खड्डा मुलांनी पाहिला, वादी शाबच्या तोंडाशी आम्ही डबे उघडले. कलहातला बीबी मरियमचा मकबरा रस्त्यावरूनच दाखवला. इब्न बतूता कलहातला येऊन गेले होते. जुहर आणि असर सफरात एकत्र पढल्या, आपल्या शाफई घरांना ही सोय आहेच.

सूर पांढरं, शांत, खाडीच्या कडेने वळलेलं गाव. पलीकडे ऐजा आणि तिथला छोटा दीपस्तंभ. लाकडी गलबतं बांधायचा कारखाना अजून चालू आहे, सागाचा वास येतो. इथल्या गलबतांना लाकूड मलबारातून यायचं. 'फतह अल-खैर' हे १९५१ मध्ये सूरलाच बांधलेलं गलबत किनाऱ्यावर जपून ठेवलं आहे. मी अम्मींना धरून तिथवर नेलं. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या गलबताच्या मागच्या बाजूला गेल्या, कोरीव काम बघितलं, मग मान वर करून डोलकाठी बघितली आणि बराच वेळ गेल्यावर म्हणाल्या, "बाबांचं याहून लहान होतं. ते सांगायचे मोठं होतं." आणि हसायला लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसले, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

त्या रात्री आम्ही रास अल-हद्दच्या पुढे, राखीव किनारा सोडून, वाळूवर मुक्काम केला. मगरिब आणि इशा झाली. मी भात टाकला, दोन छोटे दिवे लावले होते. तेवढ्यात अंधारातून एक म्हातारे मच्छीमार आले. सलाम करून त्यांनी आधी दिव्यांकडे बोट दाखवलं, मग वाळूकडे, मग दोन्ही हात पोहल्यासारखे हलवले. कासव.

जवळच्या रास अल-जिंझच्या किनाऱ्यावर वर्षभर हिरवी कासवं अंडी घालायला येतात. तिथे राखीव क्षेत्र आहे, वाटाड्यासोबतच जावं लागतं. पण कासवाला राखीव क्षेत्राची हद्द काय माहीत, ते शेजारच्या वाळूवरही येतं. किनाऱ्यावर उजेड दिसला तर मादी परत फिरते. आणि अंड्यांतून निघालेली पिल्लं जिकडे जास्त उजेड तिकडे धावतात. निसर्गात तो उजेड समुद्राच्या बाजूला असतो, आम्ही तो उलट्या बाजूला टांगला होता.

यांनी काही बोलायच्या आत अम्मी उठल्या. "बंद कर रे. वेळासला पण हेच सांगतात." वेळास अम्मींच्या माहेराला लागूनच. २००२ पासून तिथे कासवांची घरटी राखतात, ते काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तिथली कासवं वेगळ्या जातीची, लहान, पण अंधाराचा नियम तोच. मच्छीमारांना अम्मींची मराठी कळली नाही आणि अम्मींना त्यांची अरबी, तरी दोघं पाच मिनिटं कासवांबद्दल बोलत राहिले. भात आम्ही अंधारात खाल्ला. मीठ कमी होतं की नाही ते कुणाला दिसलं नाही.

फजरला उठलो तेव्हा पुसट उजेडात वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला. लांबवर जाऊन एका खड्ड्यापाशी थांबलेला आणि दुसऱ्या बाजूने समुद्रात परत गेलेला. आणि आमच्या तंबूसमोर आणखी एक माग होता, आखूड, थोडं वर येऊन तसाच वळलेला. तो आमच्या दिव्यामुळे वळला की आणखी कशाने, हे सांगता येत नाही. हे बराच वेळ त्या मागाशेजारी उभे होते.

नमाजसाठी चटई अंथरली. मोबाइलवर किब्ला बघून अम्मी थांबल्या. "इथे समुद्र पाठीशी येतो," त्या म्हणाल्या. बाणकोटला नमाजला उभं राहिलं की समोर दर्या असतो. इथे तोच दर्या पाठीमागे. त्यांच्या वडिलांनी याच वाळूवर कधी फजर पढली असेल का, असं मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

सलाम फेरून मागे वळलो तर सूर्य पाण्यातून वर येत होता. अम्मींनी हातपंख्यासारखी फडकी मारून पॅनेलवरची रात्रीची वाळू आणि दव पुसलं. मुलगा आत फ्रीजच्या मीटरकडे बघून ओरडला, "दादी, चार वॉट!" मग अकरा. मग एकोणीस. मी चहा टाकला आणि अम्मींचा पेन फ्रीजमधून काढला.